वाचलेली तेवढी ठेवा

या, जरा पुढे सरका. मागे बसलं की अर्धं कानावरून जातं, आणि ही गोष्ट तर एक शब्द दोघांनी दोन तऱ्हांनी ऐकला म्हणूनच घडली. हिच्यात खून आहे, मिठाचं वाळवंट आहे, मुंग्या आहेत, पण ते सगळं पुस्तकांतलं. पुस्तकांबाहेर एक गळका पाइप आहे, एक बाई आहेत आणि त्यांचा नवरा आहे. सगळा घोटाळा पाइपाने केला असं नवरा म्हणतो. बाई काय म्हणतात ते ऐकालच.

बाई वाचनालय चालवायच्या. तळमजल्यावरची लांबट खोली, भिंतीला लागून कपाटं, मधोमध एक लांब टेबल आणि दाराशी बाईंची खुर्ची. सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं. बाईंचं वाचन कसं, तर सोवळ्यातलं. पुस्तक हातात घ्यायच्या आधी साबणाने हात धुवायच्या, पुसायच्या, मग वाळू द्यायच्या. त्यावर तपकिरी कागदाचं कव्हर घालायच्या आणि वाचून झालं की ते काढून ठेवायच्या. पानाचा कोपरा दुमडणारा माणूस बाईंच्या लेखी शेजाऱ्याच्या भिंतीवर खिळे ठोकणाऱ्यातला. आणि सभासद नेमके तसलेच. कुणी पुस्तकात बसचं तिकीट विसरायचं, कुणी कंगवा. पाककृतींच्या पुस्तकाला तर तेलाचा असा वास होता की ते चाळताना भूक लागायची. आणि एक महाभाग, तो कोण हे बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही, प्रत्येक रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीने बाण काढून लिहायचा, 'खुनी हाच.' बाई खोडरबराने ते घासत बसायच्या. बरं, बाणही निम्म्या वेळा चुकलेला असायचा.

नवऱ्याला सगळे फिटर म्हणायचे. उभा जन्म पाणीपुरवठ्यात गेला, निवृत्त झाले, तरी पाना काही हातातून सुटला नाही. कुणाच्याही घरचा नळ टपकू दे, हे जेवणाच्या ताटावरून उठून जायचे. वाचनालयाच्या छतालगत मात्र एक आडवा पाइप होता आणि त्याच्या सांध्याखाली बाईंनी वर्षभर बादली ठेवली होती.

"अहो, तेवढा सांधा बघा."

"बघतो."

"मागच्या महिन्यातही बघत होता."

"जुना सांधा आहे. जुन्या सांध्याला उगाच डिवचू नये. एकदा का चिडला की ऐकत नाही."

"मग माझं काय? मी चिडत नाही?"

"तुला कोण डिवचतंय," असं म्हणून फिटर शेजारच्या शिंपिणीचं बेसिन बघायला निघून जायचे.

आता ताई. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. राहायची दुसऱ्या गावी, बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. आयुष्यभर बेकरी चालवली, पहाटेपासून भट्टीसमोर उभी, वाचायला सवड कुठली. म्हणून तिने धाकट्या बहिणीला एक काम लावून दिलं होतं. वर्षभर तू वाच, त्यातली आवडलेली पाच मला आण, पण पाचही वेगवेगळ्या तऱ्हेची हवीत. "एकाच तऱ्हेची आणलीस तर परत पाठवीन, धाकटे. रोज मी पावच बघते." बाईंनी हा नेम इतकी वर्षं पाळला होता की वाचताना मनात ताईच बसलेली असायची. हे तिला आवडेल, हे ती फेकून देईल, इथे ती हसेल.

यंदा ताईच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. नंतर बरेच दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी राहणार होती. ताईने फोनवर बजावलं होतं, "पट्टी सुटेपर्यंत मला भिंत बघायचीसुद्धा सोय नाही. पाची पुस्तकं घेऊन ये आणि शेजारी बसून वाच. नाहीतर मी पडल्यापडल्या पावांची मोजदाद करत बसेन आणि वेडी होईन."

पुस्तकं बाईंनी केव्हाच निवडली होती. वाचनालयात यंदा नवी आलेली, बाईंखेरीज अजून कुणी न उघडलेली. नियमाप्रमाणे वाचून परत करून ती आपल्या खुर्चीमागच्या फळीवर ओळीने उभी केली होती. चिठ्ठी वगैरे लावली नव्हती. पुस्तकाला चिठ्ठी चिकटवणं बाईंना आवडायचं नाही. आणि मग इस्पितळातून निरोप आला की ऑपरेशन परवावर नाही, उद्यावर आलंय. बाई होत्या तशा बसमध्ये बसल्या. पुस्तकं काय, ताईचं ऑपरेशन पार पडलं की एक चक्कर मारून आणू, असा विचार केला.

ऑपरेशन छान झालं. ताई पट्टी बांधून घरी आली आणि त्याच दुपारी फिटरांचा फोन आला.

"ताई कशी आहे?"

"बरी आहे. तुम्ही आधी काय झालं ते सांगा. तुम्ही विनाकारण फोन करत नाही."

"पाइप फुटला."

बाई खुर्चीत बसल्या. "कुठला?"

"तोच. मी पाणी बंद केलंय. पण कपाटांवर धार लागली होती बराच वेळ. तरी मी म्हणत होतो, त्या सांध्याला—"

"सांध्याचं नंतर. पुस्तकं?"

"काही चिंब आहेत. काही बरी आहेत."

बाईंनी डोळे मिटले. त्यांना बुरशी दिसायला लागली, एका पुस्तकावरून दुसऱ्यावर, एका कपाटातून दुसऱ्यात. म्हणाल्या, "ऐका. वाचलेली तेवढी टेबलावर काढून ठेवा. बाकीची रद्दीवाल्याला देऊन टाका, आजच्या आज. आत ठेवायचं नाही एकही. जीव अडकवून बसू नका."

"वाचलेली ठेवायची आणि न वाचलेली द्यायची."

"हो हो, तेच."

"नक्की? एकदा गेली की गेली."

"अहो, एवढं साधं काम आहे. ते तरी माझ्या डोक्याला ताप न देता करा."

बघा, दोघांनी एकच शब्द उच्चारला, दोघांनी हो म्हटलं. देवाने आपल्या भाषेत हे दोन अर्थ एकाच शब्दात का भरले ते तोच जाणे. पाण्यातून वाचणं तेही वाचणं, आणि डोळ्यांनी वाचणं तेही वाचणं.

दोन दिवसांनी, शेजारणीला ताईपाशी बसवून, बाई पुस्तकं आणायला आल्या. दार उघडलं तर आत पंखा गरगरत होता. खोलीभर दोऱ्या बांधलेल्या, दोऱ्यांवर कपडे वाळत घालायचे चिमटे, आणि चिमट्यांना पुस्तकं. टेबलावर आणखी पुस्तकं, पंख्यासारखी पानं पसरून उभी. सगळी फुगलेली. पाककृतींचं ते तेलकट पुस्तक उशीएवढं झालं होतं. भुतांच्या गोष्टी होत्या, मधुमेहाची माहिती होती, 'खुनी हाच' होते ओळीने. फिटर एका पुस्तकाच्या पानापानात टीपकागद घालत होते, जीभ दातांत धरून.

"ही ओली पुस्तकं इथे कशी?"

"वाळतायत. ऐंशी टक्के सुधारतील. ते भुतांचं थोडं चिकटलंय."

"मी तुम्हाला वाचलेली ठेवायला सांगितली होती."

"मग हीच की. एकेक तपासून ठेवलंय." फिटर उत्साहाने सांगायला लागले. "हत्यार वापरातलं आहे का कसं ओळखायचं? मुठीवरून. तसंच केलं. हे बघ, तेलाचा डाग. याचे कोपरे दुमडलेत. यात तिकीट सापडलं. ह्यात कंगवा. ही सगळी वाचलेली. ज्यांना काहीच खूण नव्हती, कोरी करकरीत, ती दिली रद्दीत. दोन हातगाड्या भरल्या. रद्दीवाला म्हणाला, असला माल रोज मिळत नाही."

बाईंनी वळून आपल्या खुर्चीमागे पाहिलं. फळी रिकामी होती. नुसती रिकामी नव्हे, पुसलेलीही होती.

बाई फळीवरून नुसतं बोट फिरवत राहिल्या. फिटरांना ते फारसं आवडलं नाही. बाई बोलत असल्या की माणसाला आपण कुठे आहोत ते कळतं.

"माझ्या मागची पाच पुस्तकं," बाई शेवटी म्हणाल्या.

"ती तर सगळ्यांत कोरी होती. कुणी हात लावलेला नव्हता."

"मी वाचली होती."

"तू? एक डाग नाही, घडी नाही. मी दिव्यासमोर धरून बघितलं."

"मी हात धुऊन वाचते म्हणून."

फिटर टीपकागद हातात घेऊन तसेच उभे राहिले. "वाचलं तर काहीतरी खूण नको का राहायला," असं पुटपुटले. पण फार हळू, कारण ते निवृत्त झाले असले तरी मूर्ख नव्हते.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते त्या दुपारी फिटरांनी समोरून पाहिलं. रद्दीवाल्याकडे जाताना बाई रस्ताभर बोलत होत्या आणि फिटर पाठीमागून हूं, हूं करत चालले होते. सांधा, बादली, वर्षभराचं 'बघतो', पलीकडच्या गल्लीतले नळ, लग्नात हरवलेली छत्री, सगळं निघालं. मधूनच बाई थांबायच्या आणि म्हणायच्या, "ताईला काय सांगू? ती तिकडे अंधारात वाट बघत बसलीय." आणि मग पुन्हा छत्री.

रद्दीवाला वजनकाट्यावर वर्तमानपत्रं चढवत होता. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "ती पुस्तकं? ती तर काल सकाळीच गेली. फर्निचरच्या शोरूमवाल्याने घेतली. त्याला कपाटांत ठेवायला कोरीच लागतात. वाचलेली दिली तर परत आणतो."

"बघ," फिटर म्हणाले, "त्यालासुद्धा ओळखता येतात."

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की रद्दीवाल्यानेच काट्यावरचं वजन उतरवून घेतलं.

शोरूम मोठी होती, थंड होती, आणि तिथल्या प्रत्येक सोफ्यावर 'बसू नये' लिहिलं होतं. मागच्या भिंतीला लाकडी बुककेस मांडल्या होत्या आणि त्यांतल्या एकीत, नजरेच्या उंचीवर, बाईंची पाच पुस्तकं होती. ओळीने, जशी त्यांनी लावली होती तशीच. घड्याळजीच्या खुनाची रहस्यकथा. त्या बाईचं प्रवासवर्णन, जी मिठाच्या वाळवंटातून एकटी चालत गेली आणि वाटेत फक्त आपल्या बुटांशी भांडली. मुंग्यांवरचं पुस्तक, लिहिणारा बिचारा सगळं आयुष्य पोटावर पालथा पडून त्या बघत राहिला. जहाजावरच्या आचाऱ्याच्या आठवणी. आणि ते कवितांचं बारकं पुस्तक, ज्यात सगळ्या कविता घरातल्या भांड्याकुंड्यांवर होत्या आणि जे वाचताना बाई एकदा चक्क रडल्या होत्या. पानावर नव्हे, रुमालात.

"वाचली," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा मऊ झाला. त्यांनी हात पुढे केला, रहस्यकथेच्या पाठीला बोट लावून ओढलं. पुस्तक आलं नाही. पाचही एकदम हलली, एखाद्या विटेसारखी.

विक्रेता धावत आला. "मॅडम, ती निघत नाहीत. एकमेकांना चिकटवून मागून स्क्रू मारलाय. गिऱ्हाइकं उचलून बघतात हो, आणि परत उलटी ठेवतात."

"ही माझी पुस्तकं आहेत."

"बुककेससकट देता येतील. रंगात तीन पर्याय आहेत."

"मला बुककेस नको. मला पुस्तकं वाचायची आहेत."

विक्रेता गोंधळला. त्या दुकानात त्याला हे कुणी म्हटलं नसावं. "वाचायची म्हणजे... ही डिस्प्लेची आहेत, मॅडम."

फिटर तोवर गुडघ्यांवर बसून फळीच्या मागे वाकून बघत होते. खिशातून छोटी बॅटरी काढली होती. "पाचांच्या आरपार गेलाय," ते म्हणाले. "मुंग्यांच्या बरोबर पोटातून. आणि गोंदही चांगल्यातला आहे. काढायला गेलो तर पानं लगदा होऊन येतील." मग त्यांच्यातल्या कारागिराला राहवलं नाही. "काम मात्र चोख केलंय हो."

बाई तिथल्या एका सोफ्यावर बसल्या, ज्यावर बसू नये लिहिलं होतं. विक्रेता काही बोलणार होता, पण फिटरांनी त्याला डोळ्यांनीच नको म्हटलं. पाण्यातून पुस्तकं वाचली, रद्दीतून वाचली, आणि आता जगात कुणालाही ती वाचता येणार नव्हती. बाईंना ताई दिसत होती, उशीला टेकून बसलेली, दाराच्या आवाजाकडे कान लावून.

थोड्या वेळाने फिटर जवळ आले. "मी येतो तुझ्याबरोबर ताईंकडे. चूक माझी आहे, मीच सांगतो."

"तुम्ही काही सांगू नका. तुम्ही सांगितलंत की आणखी बिघडतं."

तरी ते बसमध्ये बसलेच.

ताई उशीला टेकूनच बसली होती. पट्टीमुळे तिचा चेहरा लहान दिसत होता, जीभ मात्र होती तशीच होती. "आलीस? पिशवी ठेवल्याचा आवाज नाही आला. हलकी दिसते."

बाईंनी सगळं सांगितलं. पाइप, फोन, हातगाड्या, स्क्रू. ताईने ऐकून घेतलं. मग तिचे खांदे हलायला लागले. डॉक्टरांनी हसायचं नाही म्हणून सांगितलं होतं, तरी ती हसली, पट्टीवर हात दाबून. हसू ओसरलं तसा चेहरा पडला. "पण मग माझं काय, धाकटे? वर्षाला माझी पाचच पुस्तकं असतात."

ते ऐकून बाईंचा जीव गलबलला. "मी तोंडी सांगते," त्या म्हणाल्या. "वाचून दाखवल्यासारखं नाही व्हायचं. पण सांगते."

खुर्ची पुढे ओढून त्यांनी रहस्यकथेपासून सुरुवात केली. म्हातारा घड्याळजी दुकानात मरून पडलाय, भिंतीवरची सगळी घड्याळं चालू आहेत, फक्त एक बंद आहे. बाई सांगायच्या छान. आवाज खाली आणला, थांबल्या, ताईने श्वास धरला.

"मेहुणा," कोपऱ्यातून फिटर म्हणाले.

बाईंची मान कोपऱ्याकडे वळली.

"काय म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"मेहुण्याने मारलं ना त्याला. तूच सांगत होतीस, मी आमटी वाढून घेत होतो तेव्हा. मेहुणा मारतो आणि मग मिठाच्या वाळवंटात पळून जातो."

"मिठाचं वाळवंट त्या पुस्तकात नाही."

"मग कुठे जातो तो?"

"पोलिसांत जातो. वाळवंटात ती प्रवास करणारी बाई जाते."

"बरोबर, ती बुटांशी बोलणारी. मग त्या दोघांची भेट होते."

"होत नाही. ती वेगळी पुस्तकं आहेत हो."

"सांगायचीस तर तू सगळं जेवतानाच," फिटर म्हणाले. "मला वाटलं, एकच आहे. मोठं आहे, म्हणून वर्षभर चाललंय." मग ताईकडे वळून, "ताई, मला वाटतं मेहुण्याला मुंग्यांनी पकडून दिलं. तिथे एक माणूस पालथा पडलेलाच होता ना, तो बघत होता सगळं. साक्षीदार."

"आणि जहाजावरचा आचारी?" ताईने विचारलं. तिने मान त्यांच्या आवाजाकडे वळवली होती.

"तो बाईला जेवायला घालतो. नाहीतर वाळवंटात ती खाईल काय?"

बाईंनी कपाळावर हात मारला. "ताई, यांतलं एक अक्षर खरं नाही. वर्षभर मी या माणसाला एकेक पुस्तक समजावून सांगितलं, आणि यांनी सगळ्याचा काला केला."

"थांब गं तू," ताई म्हणाली. "फिटर, कवितेचं काय झालं? कविता पण असते दरवर्षी."

फिटर विचारात पडले. हातातली टोपी फिरवली. "कविता होती. एक भांडं असतं, बुडाला पोचा आलेलं. कोणी टाकत नाही त्याला, कारण पोच्यावर बोट ठेवलं की घरातल्या आईचं बोट तिथे लागतं. असं काहीतरी. हिने सांगितलं तेव्हा ही रडली होती, म्हणून ते लक्षात राहिलं. ते मी कशात घातलं नाही. ते वेगळं ठेवलं."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. जेवताना हूं, हूं करणारा हा माणूस, तेव्हा याचं लक्ष ताटात आहे की सांध्यात आहे हे कधी कळत नव्हतं.

"आता पुढचं सांगा," ताई म्हणाली. "मेहुणा मुंग्यांना सापडतो कसा?"

"अगं, ताई, तो मेहुणा त्या पुस्तकात—"

"तुझी पाच मी पट्टी सुटल्यावर वाचीन, कुठून तरी आण. तोवर मला फिटरचं एकच पुरे. तू चुका दुरुस्त करत बस, त्यातही मजा येते."

मग काय, पट्टी सुटेपर्यंत रोज तेच. फिटर सांगायचे, बाई दर वाक्याला अडवायच्या, "असं नाही हो, असं नाही," आणि ताई पट्टीखालून हसायची. बाई वैतागून उठायच्या, स्वयंपाकघरात जायच्या आणि दारातूनच ओरडायच्या की घड्याळजीला बहीण नव्हतीच मुळी, मग बहिणीचा नवरा आला कुठून, हा मेहुणा बायकोचा भाऊ होता. वाचनालयाचा पाइप त्याच महिन्यात नवा बसला. बसवला दुसऱ्या फिटरने, बाईंनी बोलावून.

देवाने माणसाला कान आधी दिले, अक्षरं फार मागाहून आली. म्हणून एवढीच विनंती. उद्या तुमच्या घरी कोणी जेवताना पुस्तकातलं काही सांगायला लागलं, आणि तुमचं मन भलतीकडे असूनही तुम्ही हूं म्हटलंत, तर त्या फिटरची एकदा आठवण काढा. आणि जमलंच तर, ऐकता ऐकता, एखादी गोष्ट वेगळी ठेवा.